शंभर व्होल्टच्या देशात पुण्याचा मिक्सर

मिक्सर बॅगेत सगळ्यात शेवटी जायचा होता, कारण निघायच्या आदल्या दिवसापर्यंत तो वापरात होता. एप्रिल २०१८. सिंहगड रस्त्यावरचं आमचं भाड्याचं घर रिकामं होत होतं आणि सोसायटीतले इलेक्ट्रिशियन काका गीझर उतरवायला आले होते. ओट्यावरचा मिक्सर त्यांनी सहज उचलून उलटा केला आणि बुडावरची चंदेरी पट्टी वाचली.

"ताई, हा तिकडे नेताय? तिथे सप्लाय किती?"

"शंभर व्होल्ट."

"मग फिरेल, पण वाटणार नाही."

मी त्यांना नवा ॲडॉप्टर दाखवला. दुकानदाराने तो 'जपानला चालतो' असं सांगून दिला होता. काकांनी तो हातात फिरवून पाहिला आणि परत दिला. "ह्याने पिन बदलते, ताई. सप्लाय नाही बदलत."

त्यांचं म्हणणं मला कळलं होतं. पण सासूबाईंनी घेऊन दिलेला ७५० वॅटचा मिक्सर, त्याची तीन भांडी, त्यातलं चटणीचं छोटं भांडं तर माझ्या रोजच्या हाताखालचं. ते सगळं मागे ठेवायला मन तयार होईना. टॉवेलात गुंडाळून मी तो बॅगेत घातला. त्याच बॅगेत रोटीमेकर होता, आणि आमच्या चार वर्षांच्या लेकीचा नेब्युलायझरही, म्हणजे श्वासातून औषधाची वाफ देणारं यंत्र. तिला दम्याचा त्रास आहे. त्या यंत्राच्या बुडावरची पट्टी मात्र कोणीच वाचली नाही, काकांनीही नाही आणि मीही नाही. ही गोष्ट मला अजून लागते.

तोक्योत आम्ही निशिकासाईला राहायला गेलो. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीयांचा म्हणूनच ओळखला जातो. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे २०१९ साली, तिथून योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले, तेव्हा आमच्या इमारतीतल्या मराठी घरांत पेढे वाटले होते. स्टेशनजवळ भारतीय किराणा मिळतो. तूरडाळ, पोहे, खवलेलं गोठवलेलं खोबरं, सगळं. तिसऱ्या दिवशी खोबरं आणलं आणि चटणी करायला घेतली.

जपानी घरातल्या सॉकेटला दोन उभ्या चपट्या फटी असतात, बस. तिसरी पिन नाही आणि शेजारी बटणही नाही. पिन खुपसली की प्रवाह सुरू. आपल्या हाताला आधी बटण बंद करायची सवय असते, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस हात भिंतीवर बटण शोधत राहतो. ॲडॉप्टर लावला, मिक्सर एकवर फिरवला. आवाज आला, पण तो आमच्या मिक्सरचा नव्हता. पाती दमल्यासारखी फिरत होती. खोबरं कडेला चिकटून बसलं आणि मिरच्या अख्ख्या राहिल्या. तीनवर नेला तरी तेच.

रोटीमेकरची गत त्याहून वाईट झाली, आणि तिचं गणित मला नंतर समजलं. तापणाऱ्या वस्तूत व्होल्टेज निम्मं झालं की ताकद निम्मी नाही, चौथाई होते. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ९०० वॅट खाणारा रोटीमेकर १०० व्होल्टवर जेमतेम १७० वॅट घेतो. तवा कोमट व्हायचा. पोळी भाजायच्या आधीच वाळून कडक व्हायची. इस्त्रीचंही असंच. पुण्याहून आणलेली ही दोन्ही यंत्रं मी कपाटात ठेवून दिली आणि गॅसवर साधा लोखंडी तवा चढवला.

याउलट लॅपटॉप, मोबाइल, कॅमेरा, नवऱ्याचा ट्रिमर यांनी काहीच त्रास दिला नाही. त्यांच्या चार्जरवर बारीक अक्षरांत '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलेलं असतं. हर्ट्झ म्हणजे प्रवाहाची दिशा उलटसुलट होण्याचं चक्र सेकंदाला किती वेळा होतं तो आकडा. आत येईल ती वीज स्वतःच्या सोयीने बदलून घेणारं सर्किट असतं त्यात. अशा वस्तूंना खरोखरच फक्त पिन बदलणारा ॲडॉप्टर पुरतो. माझा गोंधळ इथेच झाला होता. मोबाइल चालला म्हणून बाकीचंही चालेल, असं मी धरून चालले.

दुसऱ्या आठवड्यात लेकीला सर्दी झाली. हवा गार होती, दिवसा ऊन आणि रात्री बोचरा वारा. रात्री दीडच्या सुमारास तिच्या श्वासाला शिटी येऊ लागली. पुण्यात अशा रात्री ठरलेल्या असायच्या. नेब्युलायझर लावायचा, औषधाची कुपी फोडायची, मास्क धरून दहा मिनिटं मांडीवर घेऊन बसायचं, मग छाती मोकळी व्हायची. मी यंत्र काढलं, ॲडॉप्टर लावला, बटण दाबलं. यंत्र घरघरलं, पण मास्कमधून वाफेचा धागासुद्धा नीट येईना. नळी काढून पुन्हा बसवली. पिन दुसऱ्या सॉकेटला लावली. औषध कपात तसंच होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

जपानमध्ये लहान मुलांच्या आजारपणासाठी रात्री #८००० या क्रमांकावर सल्ला मिळतो. पलीकडच्या नर्सबाईंनी विचारलं, बोलताना वाक्य पूर्ण होतंय का, ओठांचा रंग कसा आहे, बरगड्या आत ओढल्या जाताहेत का. उत्तरं ऐकून म्हणाल्या, थांबू नका, निघा. टॅक्सीने आम्ही रात्रीच्या बालरुग्ण विभागात पोचलो. तिथलं यंत्र सुरू झालं आणि मास्कमधून पांढरी वाफ भरभरून येऊ लागली, तेव्हा माझे पाय थरथरत असल्याचं माझ्या लक्षात आलं. पहाटे चारला ती शांत झोपली. मी घरी येऊन नेब्युलायझर उलटा केला आणि पट्टी वाचली. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. दुसरा कुठलाही आकडा नव्हता.

त्याच शनिवारी आम्ही आकिहाबाराला, तोक्योतल्या विजेच्या वस्तूंच्या बाजारात गेलो. परदेशात न्यायच्या वस्तू आणि परदेशातून आणलेल्या वस्तूंसाठी लागणारे ट्रान्सफॉर्मर, दोन्ही तिथे मिळतात. १०० व्होल्टचे २२०-२४० करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला जपानीत 'शोआत्सु तोरान्सु' म्हणतात. दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी किती वॅटचं यंत्र आहे हे नंतर विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तापणारं आहे की फिरणारं?"

फिरणारं म्हटल्यावर त्यांनी वहीवर रेघ मारून समजावलं. मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या गरजेच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. त्यामुळे मिक्सर ७५० वॅटचा म्हणून ८००चा ट्रान्सफॉर्मर घेतला तर तो दमतो, तापतो. मोटरसाठी किमान दुप्पट घ्यायचा. वरची मर्यादाही त्यांनीच सांगितली. घरातलं साधं सॉकेट १५ अँपिअरचं, म्हणजे १०० व्होल्टला १५०० वॅट. त्याच्यापुढचा ट्रान्सफॉर्मर साध्या सॉकेटला लावायचाच नाही. आम्हाला १५०० घ्यायचा होता, म्हणजे आम्ही बरोबर काठावर होतो. शेवटी त्यांनी त्यावरचं '५०/६० हर्ट्झ' बोटाने दाखवलं. नुसत्या ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर चालवला तर आतलं लोखंड गरम होतं, म्हणून ती खूणही पाहून घ्यायची. इतक्या आपुलकीने शिकवणारा माणूस मला तोक्योत तोवर भेटला नव्हता. त्यांनी विकलेला तो आठ किलोचा ठोकळा नवऱ्याने रेल्वेतून मांडीवर घेऊन आणला.

त्याची हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर वेगळी लोंबत होती. जपानमध्ये फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यांनाही दोनच पिना असतात आणि अर्थिंगची वायर अशीच सुटी. त्या वस्तूंसाठीच्या सॉकेटखाली एक छोटं झाकण असतं. ते उघडून स्क्रूखाली तार आवळायची. आमच्या ओट्याजवळ अशी एकच जागा होती, फ्रिजच्या मागे, म्हणून ट्रान्सफॉर्मर कायमचा तिथेच बसला. ही वायर लोक तशीच सोडून देतात. कृपा करून सोडू नका. ओल्या हातांच्या स्वयंपाकघरात दोनशेवीस व्होल्टचं यंत्र आणि अर्थिंग नाही, हे मला आजही बघवत नाही.

मग क्रम ठरला. आधी ट्रान्सफॉर्मर चालू करायचा, तो क्षणभर हुंकार देतो. मग मिक्सर एकवर, नंतर दोन. काम झालं की ट्रान्सफॉर्मरची पिन काढून ठेवायची, कारण नुसता चालू राहिला तरी तो कोमट होतो, म्हणजे वीज खात असतो. पहिल्यांदा सुकं खोबरं, तीळ, लसूण आणि तिखट घातलं आणि भांड्यावर हात दाबून धरला. तोच आवाज आला. लेक आतल्या खोलीतून ओरडली, "आई, पुण्याचा मिक्सर!"

मैत्रिणी विचारायच्या, एवढा खटाटोप कशाला, तिथला मिक्सर घ्यायचा. घेऊन पाहिला होता. आमच्या हाती आलेला जपानी मिक्सर साधारण २५० वॅटचा, केळं-दूध घुसळायला उत्तम. भिजवलेली डाळ कमी पाण्यात वाटायला घेतली की थांबतो. आपलं वाटण निराळं आहे. सुकं खोबरं, दाण्याचं कूट, हळकुंडसुद्धा. भारतातला दणकट मिक्सर याच कारणाने जन्माला आला. १९६३ साली सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरच्या घरातला परदेशी मिक्सर भारतीय वाटणापुढे जळला, आणि त्यांनी ताकदीची मोटर बसवून 'सुमीत' तयार केला. आमच्या आजीच्या ओट्यावर तोच होता.

ट्रान्सफॉर्मर आल्यावर आणखी एक मर्यादा कळली. तोक्योत घराचा वीजकरारच अँपिअरमध्ये असतो. आमचा ३०चा होता, म्हणजे साऱ्या घराला मिळून ३००० वॅट. राइस कुकर १२ अँपिअर, मायक्रोवेव्ह १३, एसी सहा-सात, आणि त्यावर मिक्सर. एका रविवारी सगळं एकदम चालू झालं आणि घर अंधारलं. तेव्हापासून मिक्सरच्या आधी मायक्रोवेव्ह बंद आहे ना हे पाहायची सवय घरात सगळ्यांना लागली, लेकीलासुद्धा.

उलट दिशेचा अनुभव याहून कडू होता. पहिल्या दिवाळीला पुण्याला जाताना आईसाठी राइस कुकर घेतला. जपानी कुकरमधला भात तिने फोनवर इतक्यांदा पाहिला होता. सरळ आमच्या भागातल्या दुकानातून घेतला, म्हणजे जपानच्या बाजारासाठी बनवलेला, फक्त १०० व्होल्टचा. ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या दिवशी आणू, तोवर लावू नका, हे मी घरात सांगायला हवं होतं. प्रवासाने थकून झोपले. सकाळी आईने मला आनंद द्यायचा म्हणून तांदूळ धुतले, ॲडॉप्टर लावला आणि बटण दाबलं. फट्‌ असा आवाज आला, घरातला एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की वीज तोडणारा खटका, पडला आणि जळका वास सुटला. १०० व्होल्टच्या तापणाऱ्या वस्तूला २३० दिले की पाचपटीहून जास्त ताकद अंगावर येते, एका क्षणात. माझं यंत्र जपानात नुसतं अशक्त झालं होतं. तिचं मात्र जळून गेलं.

"माझ्याकडून काहीतरी चुकलं गं," असं ती दिवसभर म्हणत राहिली. तिचं काहीही चुकलं नव्हतं. तिला मी कितीदा तरी ते सांगितलं, पण नवी वस्तू आपल्या हाताने गेली ही खंत तिच्या चेहऱ्यावरून गेली नाही. पुढच्या खेपेला आकिहाबारातून परदेशी ग्राहकांसाठी बनवलेला २२०-२३० व्होल्टचा कुकर नेला. दिसायला तसाच असतो, फरक फक्त खोक्यावरच्या आणि बुडावरच्या आकड्याचा. तो आजही चालतो. तरी पहिल्यांदा लावताना आई दोन पावलं मागे उभी राहिली होती.

बाबा २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या खिशात ट्रान्झिस्टर होता. सेलवर चालणारा, त्यामुळे व्होल्टेजचा प्रश्न नव्हता. तरी एफएमवर त्यांना ओळखीचं काही सापडेना. आपला एफएम ८८ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, जपानचा ७६पासून. तोक्योतलं एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं एफएम केंद्र ८२.५वर आहे, तिथवर त्यांच्या रेडिओचा काटाच पोचत नव्हता. मीडियम वेव्ह मात्र दोन्ही देशांत सारखी. ५९४ किलोहर्ट्झवर एनएचकेचं केंद्र स्वच्छ लागलं. सकाळी साडेसहाला त्यावर पियानोच्या तालावर व्यायाम असतो. भाषेचं अक्षरही न कळता बाबा दोन महिने रोज खिडकीपाशी उभे राहून तो करायचे. आपल्या घरून आणलेली एखादी वस्तू परक्या देशात आपोआप जुळते तेव्हा किती बरं वाटतं, ते त्यांच्याकडे पाहून कळायचं.

२०२२ मध्ये माझी बदली ओसाकाला झाली. देश तोच, शंभर व्होल्ट तेच, म्हणून मी निर्धास्त होते. सामान हलवणाऱ्या कंपनीच्या माणसाने मायक्रोवेव्हमागची पट्टी पाहिली आणि म्हणाला, "हा तिकडे चालणार नाही."

चार वर्षांनी पुन्हा तेच वाक्य.

जपानच्या पूर्व भागात वीज ५० हर्ट्झची आहे आणि पश्चिमेला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने जर्मनीतून यंत्रं आणली, ओसाकाने अमेरिकेतून, आणि तो फरक आजतागायत राहिला. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेची टंचाई झाली, तेव्हा पश्चिमेकडून फार थोडी मदत पोचवता आली. दोन्ही बाजू जोडणाऱ्या केंद्रांची क्षमता तेव्हा जेमतेम १० लाख किलोवॅट होती. २०२१ साली ती २१ लाखांवर गेली. एका देशाच्या पोटातून गेलेली ही रेघ मला फार विलक्षण वाटते. ओसाकाला जाताना शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, उजवीकडच्या खिडकीशी बसले होते. फुजी पर्वत दिसला आणि लगोलग फुजी नदीचा पूल आला. रेघ साधारण इथून जाते. आमची गाडी मात्र तोक्योपासूनच ६० हर्ट्झवर धावत होती, तिच्यासाठी पूर्वेकडे वीज बदलून पुरवतात. पुण्यात सिंहगड रस्त्यावर जी जपानी बाग आहे, ती ओकायामाच्या बागेवरून केलेली. ते ओकायामाही याच ६०च्या बाजूला, हे तेव्हा आठवलं.

आमचा मायक्रोवेव्ह जुन्या पद्धतीचा, फक्त ५० हर्ट्झचा निघाला. तो इमारतीतल्या नव्या मराठी कुटुंबाला दिला. फ्रिज आणि वॉशिंग मशीनवर '५०/६०' होतं. टेबलफॅनवर तर दोन्हींचे वॅट वेगवेगळे छापलेले, आणि ओसाकात तो खरोखर जरा जोरात फिरतो. मिक्सरचं मला भय होतं, पण त्याची मोटर कार्बन ब्रशवाली, तिला ५० काय आणि ६० काय, सारखंच. ट्रान्सफॉर्मर तर दोन्हींसाठीच होता. आकिहाबारातल्या त्या गृहस्थांचं बोट मला त्या दिवशी पुन्हा दिसलं.

राहिला नेब्युलायझर. तोक्योत ट्रान्सफॉर्मरवर तो चार वर्षं नीट चालला होता, कारण तिथे ५० हर्ट्झच होते. ओसाकात लावून पाहिला तर आवाज बदललेला, जास्त चढा. मोटर वेगाने फिरत होती. नव्या डॉक्टरांना पट्टीचा फोटो दाखवला. ते म्हणाले, औषध मिनिटाला किती जावं हे यंत्राच्या ठरलेल्या गतीवर अवलंबून असतं, हा आता वापरू नका. त्यांनी सुचवलेला दोन साध्या सेलवर चालणारा छोटा नेब्युलायझर घेतला. तो मुठीत मावतो, वीज गेली तरी चालतो, आणि कुठल्याही देशात चालेल. जुना मी अजून टाकलेला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती नवऱ्याबरोबर नागोयाला येते आहे, तीन वर्षांचा मुलगा आहे. मी तिला म्हटलं, नेणार त्या प्रत्येक वस्तूच्या बुडाचा फोटो पाठव. संध्याकाळपर्यंत सतरा फोटो आले. चार्जर, ट्रिमर, टूथब्रश, सगळे ठीक. इस्त्री नको. पाणी तापवायची कॉइल तर अजिबात नको. मिक्सर आण, पण आधी मला कळव, आपण ट्रान्सफॉर्मर बरोबर जाऊन घेऊ. नागोयाही ६०चंच. अठरावा फोटो मी मागून घेतला, कारण तिने तो पाठवला नव्हता. मुलाला रात्री खोकला होतो का, तेही विचारलं.